सुप्त क्षयसंसर्ग आणि रक्तचाचणी : एका देणगीच्या निमित्ताने

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत, चौक येथे, देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर प्रशासकांनी केलेले भाषण)



या सभेत वर्षाच्या जमाखर्चाचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो अहवालाच्या पुढील पृष्ठांवर तपशिलासह छापलेला आहेच. आज मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आम्ही एकच विषय आपणांपुढे ठेवणार आहोत.

आमच्या एका जुन्या हितचिंतकांनी संस्थेकडे भरीव रक्कम सुपूर्द केली आहे. चौक, पाली, डोंगरी आणि उत्तन या गावांतील प्रौढांची रक्तचाचणी करून ‘शरीरात दडलेला क्षय’ शोधणारे मोफत शिबिर भरवावे, अशी त्यांची इच्छा आहे. त्यांच्या घरात क्षयाने एक तरुण जीव गेलेला आहे, हे येथील अनेकांना ठाऊक आहे. त्यामुळे या देणगीमागील भावनेबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. तरीही या स्वरूपाचे शिबिर भरवू नये, अशी शिफारस आम्ही विश्वस्त मंडळास केली आहे. आलेली देणगी आहे त्या हेतूसाठी खर्च करू नका असे सांगणारा प्रशासक विरळाच. म्हणून त्यामागील कारणे सर्वांसमक्ष मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आम्ही वैद्यक शाखेचे नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. पुढील विवेचन आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी झालेल्या चर्चेवर आणि त्यांनी वाचावयास दिलेल्या साहित्यावर आधारलेले आहे. हिशेबाची बाजू तेवढी आमची.

रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगासमोर आणला. हा जंतू श्वासावाटे शरीरात शिरला म्हणजे माणूस आजारी पडतोच असे नाही. बहुतेकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. खोकला नाही, ताप नाही, वजन घटत नाही आणि दुसऱ्याला लागणही होत नाही. या अवस्थेस सुप्त संसर्ग म्हणतात. अशा शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष आजार होतो, आणि त्यांतही बराचसा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत असतो. ज्यांनी ताळेबंद वाचला असेल त्यांना आमची उपमा पटेल. ताळेबंदाच्या तळटिपेत ‘संभाव्य देणे’ म्हणून एक नोंद असते. ते कर्ज नव्हे. परंतु परिस्थिती फिरली तर ते देणे अंगावर येऊ शकते. सुप्त संसर्ग ही शरीराच्या ताळेबंदातील अशीच तळटीप होय.

ती तळटीप वाचण्याचे साधन जवळजवळ शंभर वर्षे एकच होते. हाताच्या त्वचेत ट्युबरक्युलिनची सुई टोचावयाची आणि दोन-तीन दिवसांनी उठलेली गाठ मोजावयाची. ही मांटू चाचणी आपल्यापैकी पुष्कळांनी करून घेतली असेल. तिच्यात दोन उणिवा सांगितल्या जातात. बीसीजी लस घेतलेल्यांतही गाठ उठू शकते. आणि गाठ मोजण्यासाठी माणसाला पुन्हा यावे लागते. दुसरी उणीव आमच्या या किनाऱ्यावर फार जाणवते. सोमवारी सुई टोचलेला खलाशी बुधवारी समुद्रात असतो. त्याची गाठ मोजावयाची कोणी?

नव्या शतकाच्या आरंभी रक्तचाचणी आली ती या दोन्ही उणिवा दूर करण्याचे आश्वासन घेऊन. लोक तिला ‘टीबी गोल्ड’ या नावाने ओळखतात. क्षयजंतूत असलेली, परंतु बीसीजी लशीच्या जंतूत नसलेली प्रथिने रक्तात मिसळतात आणि त्यांना ओळखून रक्तातील पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य किती सोडतात, ते मोजतात. एकदाच रक्त द्यावयाचे. गाठ मोजण्याची दुसरी खेप नाही. कागदावर हे सर्व उत्तम आहे. आमच्या हितचिंतकांनी माहितीपत्रक वाचून या चाचणीची निवड केली, यात आश्चर्य नाही.

परंतु ही चाचणी आपल्या महाराष्ट्रातच, आपल्यासारख्याच एका सेवाभावी रुग्णालयात, कसून पारखली गेली आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. मधुकर पै, डॉ. एस. पी. कलंत्री, डॉ. रजनीश जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ७२६ आरोग्यसेवकांची त्वचाचाचणी आणि रक्तचाचणी, अशा दोन्ही चाचण्या केल्या. त्यांत डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी असे सर्व थरांतील लोक होते. २००५ साली हे निष्कर्ष अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्वचाचाचणीत ४१ टक्के, तर रक्तचाचणीत ४० टक्के लोक संसर्गित आढळले. म्हणजे स्वस्तातली सुई आणि हजारो रुपयांची चाचणी यांनी जवळजवळ सारखाच आकडा दाखविला. बीसीजीमुळे त्वचाचाचणी फसते, ही मुख्य तक्रारही तेथे फारशी खरी ठरली नाही. कारण आपल्याकडे ही लस जन्मानंतर लगेच देतात आणि तिचा त्वचेवरील प्रभाव पुढे ओसरत जातो.

आमच्या मते याहून अधिक बोलका भाग पुढचा आहे. दोन्ही चाचण्यांचा कौल सुमारे ८१ टक्के लोकांत जुळला. उरलेल्यांत जुळला नाही. एकीने ‘आहे’ म्हटले, दुसरीने ‘नाही’. या वादात निवाडा करणारी तिसरी, निर्विवाद अशी चाचणी जगात कोठेही नाही. दोन लेखापरीक्षकांचे मत जुळले नाही तर मूळ पावत्या काढून पाहता येतात. येथे मूळ पावतीच उपलब्ध नाही.

त्याच संस्थेत पुढे २१६ वैद्यकीय व परिचर्या विद्यार्थ्यांची अठरा महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. काहींचा अहवाल ‘नाही’वरून ‘आहे’वर गेला, क्षयरुग्णांच्या सहवासात वावरणाऱ्या तरुणांत ते अपेक्षितच होते. परंतु काहींचा अहवाल ‘आहे’वरून ‘नाही’वर आला. ज्यांचा आकडा सीमारेषेच्या, म्हणजे ०.३५ च्या, जरा वर होता, त्यांच्यात असे उलटणे विशेष दिसले. पुढे इतर देशांतील रुग्णालयांतही हाच अनुभव आला. अमेरिकेने २०१९ साली आरोग्यसेवकांच्या दरवर्षीच्या नेमाच्या चाचण्या सरसकट करू नयेत, अशी शिफारस केली, तिच्यामागे हाही अनुभव होता.

हे आम्ही इतक्या विस्ताराने सांगतो याचे कारण आमच्या परिचारिका. क्षयरुग्णाची खोकल्याची उबळ त्यांच्या तोंडासमोर येते. एका प्रशिक्षणार्थी मुलीने बाहेरील प्रयोगशाळेत ही चाचणी करून घेतली. अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आणि सीमारेषेच्या किंचित वरचा आकडा होता. तिचे वडील गावाहून तातडीने आले. त्यांचा पहिला प्रश्न प्रकृतीचा नव्हता. ‘हिच्या लग्नाचे काय?’ हा होता. मुलगी धडधाकट होती, छातीचे क्ष-किरण चित्र स्वच्छ होते. ‘हा आजाराचा दाखला नव्हे’ हे त्यांना समजावण्यात आमच्या मेट्रन बाईंची दुपार गेली, आणि ते पूर्णपणे समजले असे आम्ही आजही म्हणणार नाही. एका मुलीसाठी एक दुपार लागली. गावोगावच्या शिबिरानंतर अशा किती दुपारी लागतील, याचा हिशेब आता मांडतो.

२०१९ ते २०२१ या काळात देशात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झाले. त्यात पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत सुप्त संसर्गाचे प्रमाण सुमारे ३१ टक्के आढळले. म्हणजे चौकच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही शंभर प्रौढांची चाचणी केली तर तिसाच्या आसपास अहवाल ‘आहे’ असे येतील, असे धरून चालण्यास हरकत नाही. या एकतीस जणांपैकी हयातीत प्रत्यक्ष आजारी पडणारे फार तर दोन-तीन. ते दोन-तीन कोण, हे रक्तचाचणी सांगू शकत नाही. मांटूही सांगू शकत नाही. एकतीसही जणांचे क्ष-किरण चित्र काढावे लागेल, लक्षणे विचारावी लागतील, आणि मग निरोगी माणसांना तीन ते सहा महिने औषध घेण्यास राजी करावे लागेल. हे औषध यकृतास त्रास देऊ शकते, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागेल. मुंबईच्या परिसरात आणखी एक पेच आहे. आत दडलेला जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे की नाही, हेही या चाचणीस कळत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस अत्यंत प्रतिरोधी क्षयाचे रुग्ण जगापुढे आणले, ते आपणांस स्मरत असेल. अशा रुग्णाच्या घरात नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्या निरुपयोगी ठरतात.

एका चाचणीस खासगी प्रयोगशाळेत दोन-तीन हजार रुपये पडतात. देणगीतील रक्कम तेथेच संपेल. क्ष-किरणासाठी, औषधाच्या पाठपुराव्यासाठी, घरी जाणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनासाठी काही उरणार नाही. विहीर खोदून दोर न ठेवण्यासारखे ते होईल.

व्यवहाराच्या अडचणीही लहान नाहीत. या चाचणीच्या नळ्यांत रक्त मोजून एकेक मिलिलिटरच घ्यावे लागते. नळी ठरल्याप्रमाणे हलवावी लागते. कमी हलवली तर चालत नाही, जोराने घुसळली तरीही निकाल बिघडतो. सोळा तासांच्या आत ती ३७ अंशांच्या उबवणपेटीत पोहोचवून तेथे सोळा ते चोवीस तास ठेवावी लागते. तोपर्यंत नळ्या साधारण तपमानात राहिल्या पाहिजेत. उन्हात नको, बर्फातही नको. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. चौकमध्ये टिकवावयाची प्रत्येक वस्तू बर्फात ठेवण्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. मे महिन्यात वलांडीवर बोंबील वाळत असताना या नळ्या कोणी प्रेमाने बर्फाच्या पेटीत ठेवणार नाही, याची हमी आम्ही तरी देऊ शकत नाही. अशा हलगर्जीने अहवाल ‘अनिर्णित’ येतात. कधी चक्क चुकीचे येतात, आणि ते चुकीचे असल्याचे कोणास कळतही नाही. कुपोषित माणूस, लहान मूल, एचआयव्हीबाधित रुग्ण यांच्यात तर सर्व काळजी घेऊनही ‘अनिर्णित’ अहवालांचे प्रमाण अधिक असते. म्हणजे ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांच्याच बाबतीत चाचणी अडखळते.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक सूचना येथेच करतो. ही चाचणी क्षयाच्या आजाराचे निदान करण्यासाठी नाही. ती ‘आहे’ आली म्हणून माणूस आजारी ठरत नाही आणि ‘नाही’ आली म्हणून सुटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल तर थुंकीची तपासणी आणि क्ष-किरण चित्र यांना पर्याय नाही. रक्तातील प्रतिद्रव्ये पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या चाचण्यांचा एके काळी आपल्याकडे सुळसुळाट झाला होता. त्या विश्वसनीय नसल्याने केंद्र सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली. ‘टीबी गोल्ड’ त्या वर्गातील नाही व तिच्यावर बंदी नाही. परंतु भलत्या प्रश्नासाठी वापरली की तीही तितकेच नुकसान करते.

याचा अर्थ ही चाचणी कुचकामी आहे असा कोणी घेऊ नये. ज्यांच्या संभाव्य देण्याची मुदत जवळ आली आहे, त्यांच्यासाठी तिचे मोल आहे. संधिवातावर प्रतिकारशक्ती दडपणारी जैविक इंजेक्शने सुरू व्हावयाची आहेत असे रुग्ण, डायलिसिसवरील रुग्ण, अवयवरोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्ण यांची चाचणी आमचे डॉक्टर करून घेतात आणि घ्यावीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपल्यासारख्या देशांत त्वचाचाचणीऐवजी रक्तचाचणी वापरू नये असे म्हटले होते. २०१८ साली दोहोंपैकी कोणतीही चालेल असे म्हटले. मात्र चाचणी कोणाची करावी, हा प्रश्न तेव्हाही पहिला होता आणि आजही आहे.

त्याचे उत्तर आमच्या बाकांवर बसलेले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत होऊ नये. ज्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले त्या रुग्णाच्या घरातील माणसे, त्याच्या शेजारी झोपणारी मुले, बोटीच्या केबिनमध्ये त्याच्यासोबत दिवसचे दिवस काढणारे सोबती, यांचा संसर्ग ताजा असतो आणि धोक्याची पहिली दोन वर्षे त्यांचीच चालू असतात. राष्ट्रीय कार्यक्रमाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. घरातील पाच वर्षांखालील मूल आणि एचआयव्हीबाधित व्यक्ती यांना प्रत्यक्ष आजार नाही एवढी खात्री झाली की संसर्गाची चाचणी न करताच प्रतिबंधक औषध द्यावयाचे. मोठ्यांची चाचणी उपलब्ध असेल तर करावी. नसेल तर तेवढ्यासाठी औषध अडवू नये. औषध शासनाकडून विनामूल्य मिळते. एक तर आयसोनियाझिड रोज, सहा महिने. किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस.

औषध विनामूल्य आहे, मग अडते कोठे? एका खलाशाच्या घरची हकीकत सांगतो. त्याला क्षयाचे निदान झाले. एका खोलीत पाच माणसे, त्यांत चार वर्षांचा मुलगा. मुलाला गोळी सुरू करावी असे सिस्टरांनी सुचविताच आई म्हणाली, “सिस्टर, पोर हसतंय, खेळतंय, दोन वेळा जेवतंय. त्याला कसल्या गोळ्या देताय? आजार तर ह्याच्या बापाला आहे.” तिचा तर्क सरळ होता. धडधाकट लेकराला सहा महिने औषध पाजणे कोणत्याही आईला रुचणार नाही. सिस्टर तिच्या घरी तीन वेळा गेल्या. तिसऱ्या खेपेस शेजारच्या आजी मध्ये पडल्या. त्यांच्या घरातील मूल काही वर्षांपूर्वी मेंदूच्या क्षयाने गेले होते. त्यानंतर गोळी सुरू झाली व सहा महिने पूर्ण झाली. या कामात कोणतेही यंत्र नव्हते. लागला तो तीन फेऱ्यांचा वेळ, बसभाडे आणि एका शेजारणीचा शब्द.

मोठ्यांसाठी आठवड्याच्या डोसाचा मार्ग या गावांना सोयीचा आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात, बारांपैकी आठ डोस तेवढ्यात होतात. अर्थात निदान डिसेंबरात झाले असेल तर जूनची वाट पाहावी, असे नव्हे; मग बोट येण्याच्या वारावर डोस बांधावा लागतो आणि त्यासाठी नाखव्याला विश्वासात घ्यावे लागते.

दुसरी बाब अन्नाची. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा विचार केला गेला. ज्या घरांत सर्वांना धान्य, डाळ व पूरक पोषण दिले गेले तेथे नवे क्षयरुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. देणगीदारांस हा आकडा आम्ही आवर्जून सांगतो, कारण शिधा देणे हे आपल्या संस्थेस उत्तम जमणारे काम आहे. रुग्णाच्या खात्यात शासनाकडून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये जमा होतात. घरातील इतरांच्या ताटाची सोय मात्र समाजानेच करावयाची आहे.

चाचणीचा मार्गही पुढे गेला आहे. बीसीजीमुळे न फसणारी नवी त्वचाचाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बाजारात आणली असून तिला २०२२ साली देशात मान्यता मिळाली. तिला उबवणपेटी लागत नाही. गाठ मोजण्याची दुसरी खेप मात्र राहतेच, आणि कोणास आजार होणार हे तीही सांगत नाही. घरातील मोठ्यांच्या तपासणीसाठी तिचा विचार करावा असे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत आहे.

आता मूळ रकमेविषयी. आमची शिफारस अशी आहे की ही देणगी तीन कामांसाठी वापरावी : महानगरपालिकेच्या क्षयरोग कार्यक्रमात नोंद झालेल्या या चार गावांतील रुग्णांच्या घरांतील सर्वांचे क्ष-किरण चित्र व आवश्यक तेथे संसर्गाची चाचणी, घरी जाऊन औषध पूर्ण करून घेणाऱ्या दोन स्थानिक कार्यकर्तींचे मानधन, आणि त्या घरांना सहा महिन्यांचा शिधा. पैसे उरल्यास बाह्यरुग्ण विभागाच्या पश्चिमेकडील भिंतीत मोठ्या खिडक्या काढाव्यात. खाडीवरचा वारा फुकट आहे आणि आमच्या परिचारिकांना त्याची गरज आहे.

परंतु विशिष्ट हेतूसाठी मिळालेली देणगी संस्थेस आपल्या मर्जीने दुसरीकडे वळविता येत नाही, आणि येऊही नये. सबब आम्ही हितचिंतकांना वरील सर्व कारणे कळविणारे पत्र पाठविले असून हेतुबदलास त्यांची लेखी संमती मागितली आहे. सेवाग्रामच्या निष्कर्षांचा मराठी सारांश त्यासोबत जोडला आहे. त्यांनी पत्र वाचून दूरध्वनीवर दोन प्रश्न विचारले. क्ष-किरण चित्रात काही आढळल्यास पुढील उपचार कोण करणार, आणि बोटीवरील परप्रांतीय खलाशी यात धरले आहेत की नाही. पहिल्याचे उत्तर आम्ही दिले आहे : उपचार राष्ट्रीय कार्यक्रमातून, विनामूल्य. दुसऱ्या प्रश्नाचा आमच्या मूळ टिपणात समावेश नव्हता. ते खलाशी हंगाम संपताच गावी जातात, त्यांचे डोस अर्धवट राहण्याचा संभव आहे. त्यांच्या गावाजवळील केंद्राकडे नोंद वर्ग करण्याची सोय ‘निक्षय’ प्रणालीत आहे. तिचा वापर कसा करावयाचा यावर आमचे वैद्यकीय समाजसेवक टिपण तयार करीत आहेत. ते टिपण आणि देणगीदारांची संमती हाती आली की विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठरावासाठी येईल. तोपर्यंत रक्कम स्वतंत्र खात्यात जशीच्या तशी आहे.